गेनमाईचा, शिंचा आणि माचा

आमच्या घरात चहा ‘टाकतात’. गेली चाळीस वर्षं मी “अगं, चहा टाक” म्हणत आलो आहे आणि त्यात चहाचा काही अपमान होतो असं मला कधी वाटलं नाही. अंथरूण टाकतात, पत्र टाकतात, मोड आलेली मटकी खराब झाली की टाकतात, तसाच चहा टाकतात. पुढे तो ‘घेतात’, घाईत असले तर ‘मारतात’, दुसऱ्याचा असला तर ‘ढोसतात’, आणि कचेरीत फाइल अडली की त्याला ‘पाणी’ जोडून टेबलाखालून सरकवतात. इतकी वर्षं बिचाऱ्याने ब्र काढलेला नाही.

त्याच्या वतीने तक्रार केली ती माझ्या नातीने. तोक्योत निशिकासाई म्हणून वस्ती आहे, जिथे भारतीय कुटुंबं इतकी आहेत की संध्याकाळी बागेत मराठीत कोणाची निंदा करायची सोय नाही. तिथे लेकीकडे आम्ही दोघं दोन महिने राहायला गेलो होतो. नात तिथल्या जपानी शाळेत दुसरीत आहे. पहिल्याच सकाळी मी मोठ्या हौसेने शेजारच्या आजींना “चा, चा” असं म्हणून दाखवलं. आपला ‘चहा’ आणि जपानी ‘चा’ ही मूळ चिनी शब्दाची सख्खी नातवंडं, त्यामुळे निदान एक शब्द तरी मला जन्मतःच येत होता. पण नातीने माझी बाही ओढली.

“आजोबा, नुसतं ‘चा’ नाही म्हणायचं. ‘ओचा’ म्हणायचं.”

“का गं?”

“ओ म्हणजे रिस्पेक्ट.”

म्हणजे चहाला ‘अहो’ म्हणायचं. आमच्या घरात हा मान फक्त मला आहे, आणि तोही पाहुणे आलेले असले की. पाण्यालाही ते ‘ओ’ लावतात, पैशालाही लावतात. पैशाचं समजू शकतो.

लेकीचं स्वयंपाकघर आमच्या पुण्यातल्या बाल्कनीएवढं आहे. त्यात एका फळीवर चहाचे डबे. डब्यांवरचं जपानी आम्हाला कळणार नाही म्हणून तिने प्रत्येकावर देवनागरीत चिठ्ठी डकवली होती. हेतू चांगला होता. पण जपानी चहांची नावं ‘चा’ने संपतात आणि मराठी माणूस शेवटी ‘चा’ दिसला की षष्ठी समजून वाचतो.

“अहो,” बायको चष्मा वर करून वाचत म्हणाली, “ही गेनमाई कोण?”

चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘गेनमाईचा’. कोण तरी गेनमाई, बहुधा वरच्या मजल्यावरची, आपला डबा इथे ठेवून गेलेली. शेजारी ‘होजीचा’ होता. हे होजी तिचे यजमान असणार. खरं तर गेन्माइ म्हणजे हातसडीचा तांदूळ. तो भाजून हिरव्या चहात घालतात. डबा उघडला की थेट भाजक्या पोह्यांचा वास येतो, आणि कपात एखाददुसरी लाहीसुद्धा तरंगते. होजिचा म्हणजे भाजलेला चहा, खमंग, तपकिरी, आपल्याला सगळ्यात लवकर आपलासा वाटणारा.

पण तिसऱ्या डब्यावरची चिठ्ठी वाचून मी दचकलोच. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत होतं, ‘शिंचा’.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमचे आजोबा दिवसातून किमान वीस वेळा हा शब्द वापरत. गडी शिंचा, बैल शिंचा, तलाठी शिंचा, आणि अंगणात फणस पडला तर फणसही शिंचा. लेकीने तो डब्यावर लिहून ठेवावा, तोही सासरी, याचं मला वाईट वाटलं. तिने समजावलं ते असं: शिन म्हणजे नवा. शिंचा म्हणजे वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा. जपानी पंचांगात वसंत लागल्यापासून दिवस मोजतात आणि अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, म्हणजे साधारण २ मेच्या सुमारास, ही खुडणी करणं शुभ मानतात. लोक वर्षभर त्याची वाट बघतात, एकमेकांना भेट देतात. मी आजोबांच्या फोटोची आठवण काढून मनात म्हटलं, ऐका. तुमचा शिंचा इथे अहेरात देतात.

या सगळ्यांच्या पलीकडे, एकटी, मुठीत मावेल एवढी एक डबी होती. ‘माचा’. इथे माझी कथा सुरू होते आणि अब्रू संपते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला नेहमीप्रमाणे पाचला जाग आली. घर झोपलेलं. म्हटलं, कोणाला उठवायला नको, आपणच चहा टाकावा. आल्याचा तुकडा सापडला, वेलची सापडली, दूध सापडलं. चहाची पूड म्हणून मी ती डबी उघडली. आत पाहतो तो पोपटी रंगाचं, पावडर फाउंडेशनला लाजवील असं मऊसूत चूर्ण. वास घ्यायला नाक जवळ नेलं आणि श्वास आत घेण्याऐवजी बाहेर सोडला. डबीतून एक हिरवा ढग उठला, माझ्या चष्म्यावर, मिशीवर आणि लेकीच्या पांढऱ्या ओट्यावर उतरला. गुलाल मी पुष्कळ पाहिला होता, हिरवा गुलाल कधी नाही. तरी धीर न सोडता आधणात दोन चमचे, शिगोशीग, टाकले. साखर टाकली. दूध ओतलं. चांगलं खळाखळा उकळलं.

पातेल्यात जे तयार झालं त्याला नाव देणं कठीण आहे. कडेने शेवाळी साय, मध्ये गुठळ्या, रंग पहिल्या मिनिटाला मेथीचा आणि पाचव्या मिनिटाला शिळ्या मेथीचा. वास म्हणाल तर गवताच्या गंजीला आग लागून कोणी तरी ती समुद्राच्या पाण्याने विझवल्यासारखा, वरून वेलची. मी ते गाळलं. गाळणीत काहीच राहिलं नाही. सगळं खाली उतरलं. चोथा नसलेला चहा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

लेक उठून आली, तिने आधी ओटा पाहिला, मग मला, मग डबी. डबी उचलून तिने हलवून पाहिली.

“बाबा, किती घातलंत?”

“दोनच चमचे. थोडं हवेत गेलं.”

ती काही बोलली नाही. जावई माणूस सभ्य. तो कप हातात घेऊन एक घोट प्यायला आणि म्हणाला, “वेगळा झालाय.” नात मात्र स्पष्ट म्हणाली, “आजोबांनी मुचा केला.”

मला वाटलं, आता हा आणखी कोणता चहा. “हा मुचा कुठल्या डब्यात असतो?”

“मुचा म्हणजे चहा नाही हो, बाबा,” लेक ओटा पुसत म्हणाली. “मुचा म्हणजे अविचार, आचरटपणा. लिहिताना मात्र ‘नाही’ आणि ‘चहा’ ही दोन अक्षरं काढतात.”

ज्या भाषेत आचरटपणा हा शब्द ‘चहा नाही’ असा लिहितात, तिच्याविषयी मला त्या क्षणी फार आदर वाटला. आमच्याकडेही एखाद्याच्या घरी जाऊन आल्यावर “साधा चहासुद्धा विचारला नाही हो” या वाक्यात त्या माणसाची सबंध कुंडली येते.

ओटा पुसता पुसता लेकीने मला त्या डबीची किंमत सांगितली. तीस ग्रॅम, तीन हजार येन. रुपयांत सतराशेच्या घरात. मी हिशेबाचा माणूस, बँकेत आयुष्य गेलं. मी लगेच मिशी झटकून डबीत परत घालता येईल का ते पाहू लागलो.

एवढं काय आहे त्यात? तर चहाचंच झाड, आसामात असतं त्याच्याच जातीचं. पण खुडणीआधी तीनेक आठवडे त्या झुडपांवर मांडव घालतात. पूर्वी बोरूच्या चटया आणि भाताचा पेंढा, आता काळ्या जाळ्या. ऊन मिळेनासं झालं की झाड बिचारं मिळेल तेवढा उजेड पकडायला पानात हरितद्रव्य वाढवतं, म्हणून तो पोपटी रंग. आणि पानात थिआनीन नावाचा एक पदार्थ असतो, चहाची गोडसर, रस्सेदार चव त्याची. उन्हात वाढलेल्या पानात त्याचं रूपांतर तुरट द्रव्यात होतं. सावलीत ते तसंच राहतं. थोडक्यात, उन्हातान्हात वाढलेलं पान कडवट निघतं आणि मांडवाखाली लाडाकोडात वाढलेलं गोड. आमच्या वडिलांचं मत बरोबर याच्या उलट होतं आणि त्यांनी ते आम्हा भावंडांवर राबवलं.

मग पानं वाफवतात, न वळता वाळवतात, देठ आणि शिरा काढून टाकतात. उरलेल्या नाजूक चुऱ्याला तेंचा म्हणतात. तो दगडी जात्यात दळतात. आपल्याच जात्यासारखं जातं, फक्त ग्रॅनाइटचं. आणि ते एका तासात दळतं साधारण चाळीस ग्रॅम. जोरात फिरवलं तर दगड तापतो, तापला की रंग आणि वास जातो, म्हणून आता मोटर लावली तरी जातं आपलं आजीच्या गतीने फिरतं. माझ्या पहाटेच्या दोन चमच्यांसाठी कोणतं तरी जातं दहा मिनिटं घरघरलं होतं. आमच्या आजीने तेवढ्या वेळात भाकरीचं पीठ, दोन ओव्या आणि एका सुनेचा उद्धार एवढं उरकलं असतं.

आणि चोथा का राहिला नाही तेही कळलं. बाकी चहात आपण पानाला आंघोळ घालतो आणि आंघोळीचं पाणी पितो. माचात अख्खं पानच पोटात जातं.

प्रायश्चित्त म्हणून जावयाने आम्हाला उजीला नेलं.

उजी हे क्योतोच्या दक्षिणेला, गाडीने अर्ध्या तासाच्या आत. स्टेशनबाहेर पडल्या पडल्या चहाच्या बरणीच्या आकाराची टपालपेटी उभी आहे. आम्ही पत्र टाकतो आणि चहा टाकतो. इथे दोन्हींची सोय एकाच भांड्यात. पुलाजवळ एक चहाचं दुकान आहे, ते आपलं स्थापनावर्ष ११६० सांगतं. पुण्यात १९४२ सालची पाटी असलेल्या दुकानदाराचा चेहरा आठवा आणि मग ११६०चा अंदाज करा. प्रत्यक्षात तिथली माणसं इतकी हसतमुख होती की मला त्यांच्या जुनेपणाविषयी शंका आली.

जपानात चूर्णाचा चहा रुजवण्याचं श्रेय एइसाइ नावाच्या बौद्ध भिक्षूला देतात. ११९१ साली तो चीनहून परतला तो चहाचं बी घेऊन. पुढे त्याने चहा आणि आरोग्य यावर ग्रंथ लिहिला. १२१४ साली देशाचा लष्करी सत्ताधीश, म्हणजे शोगुन, असलेल्या तरुण सानेतोमोची रात्रीची उतरत नव्हती, तेव्हा एइसाइने त्याला एक वाटी चहा पाजला आणि सोबत आपला ग्रंथही भेट दिला. चहाच्या जपानातल्या थोरवीचा आरंभ असा एका उताऱ्याने झाला. आणि डोकं ठणकत असलेल्या माणसाला आपलं पुस्तक भेट देणारा लेखक तेव्हापासून आजपर्यंत बदललेला नाही.

पुढे या चहाचं इतकं स्तोम माजलं की १७व्या शतकापासून शोगुनसाठी उजीचा चहा बरण्यांत भरून एदोला, म्हणजे आताच्या तोक्योला, मिरवत नेत. चहाच्या बरण्यांची पालखी! वाटेत मोठमोठे सरदार आडवे आले तरी त्यांनी बाजूला व्हायचं. गावकरी दारं लावून घरात बसायचे, कारण पालखीबरोबरच्या बाबू लोकांची अरेरावी फार. आपल्याकडे पालखी आली की लोक घरातून बाहेर येतात, त्यांच्याकडे आत जात. त्यावरून मुलांचं एक गाणं आलं असं मानतात आणि आमच्या नातीला ते येतं, बोटांचा खेळ करत म्हणतात. बरणीपुढे सरदार वाकतो आहे हे दृश्य मात्र मला दिवसभर सुखावत राहिलं.

उजीतल्या एका देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत मात्र माचाला कोणीही वाकत नव्हतं. तिथे त्याला सरसकट राबवून घेत होते. माचाचं आइस्क्रीम, माचाचा केक, माचाचे मोमोसारखे ग्योझा, माचाच्या हिरव्या सोबा-शेवया, माचाचे ताकोयाकी म्हणजे आत ऑक्टोपस घातलेले आप्पे. बायको आप्प्यांच्या पात्राकडे बराच वेळ बघत राहिली. पात्र ओळखीचं, हात ओळखीचा, सुईने आप्पे उलटायची लकबसुद्धा आमच्या आत्याची. आतला ऑक्टोपस तेवढा परका.

आम्ही खाल्लं ते उजी किन्तोकी. किसलेल्या बर्फाचा डोंगर, त्यावर माचाचं गोड पाणी आणि पायथ्याशी साखरेत शिजवलेले अझुकीचे लाल दाणे. म्हणजे आपला बर्फाचा गोळा, खाली पुरण. बायकोने चमचाभर चाखलं, डोळे मिटले आणि निकाल दिला, “पुरण छान आहे. जायफळ विसरलेत.” पण ती अख्खा डोंगर संपवून उठली. कडू हिरवं आणि गोड लाल यांचं खरोखर जमतं. माचा गोडाशी आणि स्निग्धाशी सुखाने नांदतो: दूध, साय, पांढरं चॉकलेट, लोणी. आंबटाशी त्याचं पटत नाही, हे पुढे आमच्या श्रीखंडाने सिद्ध केलं. त्याविषयी मी अधिक बोलणार नाही, कारण मला त्याच घरात राहायचं आहे.

आणि माचा-मीठ. बारीक मिठात माचा मिसळायचा आणि तेंपुराचं तळलेलं भोपळ्याचं काप त्याला हलकेच टेकवायचं. हे मला इतकं आवडलं की परत निशिकासाईला गेल्यावर मी लेकीला कांदाभजी करायला लावली आणि ती माचा-मिठाशी खाल्ली. तेलकटपणा कापून काढतो तो थोडासा कडूपणा. चटणीची उणीव भासली नाही असं म्हणणार होतो. भासली, पण कमी.

दुपारी चहापानाचा विधी. छोटं कौलारू घर, बाग, आणि आत शिरायला भिंतीत एक चौकोन, जेमतेम दोन फुटी. त्यातून रांगत जायचं. सामुराईने तलवार बाहेर ठेवावी आणि लहानथोर सगळे वाकूनच आत यावेत, अशी त्यामागची योजना. सामुराईचं ठीक आहे. त्यांना ६८ वर्षांचे गुडघे नसत. मी डोकं घातलं, खांदे घातले आणि पोटापाशी अडकलो. बाहेरून बायको “श्वास सोडा” म्हणत होती, आतून किमोनोतल्या बाई लवून स्वागत करत होत्या. अशा स्थितीत दोन्हीकडे एकाच वेळी नम्र राहणं अवघड असतं.

ही दोन चटयांच्या खोलीतली साधी, मूक चहाची पद्धत १६व्या शतकात सेन नो रिक्यू याने घडवली. त्याचा धनी हिदेयोशी. जपान जिंकून बसलेला, आणि त्याची आवड अशी की त्याने चहासाठी चक्क सोन्याने मढवलेली, सुटी करून नेता येणारी खोली करून घेतली. गुरू मातीची वाटी फिरवणारा, शिष्याची खोली सोन्याची. हे लग्न टिकणारं नव्हतं. १५९१ साली हिदेयोशीने रिक्यूला पोट फाडून घ्यायची आज्ञा दिली आणि त्याने ती पाळली. कारणांत एक सांगतात ते असं, की दाइतोकुजी मंदिराच्या दरवाजावरच्या मजल्यावर रिक्यूचा लाकडी पुतळा बसवला होता, म्हणजे खालून जाताना हिदेयोशी त्याच्या पायांखालून जाणार. आमच्याकडे चहावरून फार तर अबोला होतो.

आत गेल्यावर वज्रासन. बाईंनी आधी गोड वडी दिली. मी ती हातात धरून चहाची वाट बघत बसलो, कारण गोड आणि चहा बरोबर घ्यायचा हे मला पारले बिस्किटाने शिकवलंय. नातीने कोपर मारलं. गोड आधी संपवायचं. तोंड गोड झालं की मग कडू यायचं. लग्नातही हाच क्रम असतो, पण तिथे कोणी आधी सांगत नाही.

मग बाईंनी माचा केला. त्याला त्यांच्याकडे टाकणं तर सोडाच, करणंही म्हणत नाहीत. जो शब्द वापरतात तो कानाला ‘उभा करणं’ या शब्दासारखाच लागतो. आम्ही टाकतो, ते उभा करतात. बांबूच्या चिमुकल्या चमच्याने दोनदा पूड, म्हणजे दोन ग्रॅम. पाणी उकळतं नाही, ऐंशी अंशांच्या आसपास, आणि तेही दोन-चार घोट. मग एका अखंड बांबूचे केसासारखे दात काढून केलेला घोटणा. लेकीच्या घरी तो मी न्हाणीघराच्या आरशाजवळ नेऊन ठेवला होता, जावयाचा दाढीचा ब्रश समजून. हे इथे पहिल्यांदाच कबूल करतो. बाई मनगट न हलवल्यासारखं हलवत होत्या. वाटीत हिरवा फेस आला, इतका बारीक की बुडबुडा दिसेना.

मग मला करून बघायला सांगितलं. “इंग्रजी एम काढल्यासारखं हलवा,” नातीने भाषांतर केलं. मी हलवलं, हलवलं, फेस येईना. बाई वाकून बघत होत्या. नातीने वाटीत डोकावलं. “आजोबा, तुम्ही मराठी म काढताय.”

वाटी उजव्या हाताने उचलून डाव्या तळव्यावर ठेवायची, दोनदा फिरवायची, म्हणजे वाटीची दर्शनी बाजू आपल्या ओठांना लागत नाही. शेजारच्याला “तुमच्या आधी घेतो हं” अशा अर्थाचं काही तरी पुटपुटायचं. हे मला फार आवडलं. आमच्याकडे पंक्तीत हेच वाक्य मनात म्हणतात. पहिला घोट घेतला. कडू, पण कारल्यासारखा नाही; ओल्या गवताचा, नंतर मटाराच्या शेंगेसारखा गोडसर, आणि मागे जिभेवर कशाचा तरी रस्सा रेंगाळावा तसं काही तरी. तिसऱ्या घोटाला मला तो आवडायला लागला हे माझ्याच लक्षात उशिरा आलं. शेवटचा घोट फुर्र आवाज करून ओढायचा, संपला हे यजमानांना कळावं म्हणून.

बास. साठ वर्षं मला या आवाजावरून घरात बोलणी बसत होती. मी असा फुर्रका ओढला की शेजारचे दोन फ्रेंच पर्यटक दचकले आणि बाईंनी मान लववली. मी बायकोकडे पाहिलं. तिने बागेकडे पाहिलं. एवढं झाल्यावर उठायला गेलो, तर गुडघ्याखाली पाय नव्हतेच. मुंग्या होत्या.

निघताना दुकानात डब्या घ्यायला गेलो, तर एका माणसाला एकच. जगभरच्या कॅफेंना हिरव्या लाटेची अशी तहान लागली की २०२४च्या शरदापासून क्योतोतल्या जुन्या पेढ्यांनाही विक्रीवर मर्यादा घालावी लागली. जात्याचा वेग तर वाढवता येत नाही. मी रॉकेलच्या रांगेत वाढलेलो. आम्ही पाचही जण वेगवेगळे उभे राहिलो, नातीसकट, एकमेकांना न ओळखता. पुण्यात हल्ली डब्यांवर ‘सेरिमोनियल ग्रेड’ असं सोनेरी अक्षरांत असतं. असा कुठलाही सरकारी दर्जा जपानात नाही. दुकानातल्या मुलीने एवढंच विचारलं, पातळ पिणार, घट्ट पिणार, की मिठाईत घालणार?

मिठाईत, असं बायकोने सांगितलं, आणि निशिकासाईला येऊन नारळाच्या वड्या करायला घेतल्या. पहिल्या घाण्याला तिने माचा उकळत्या पाकातच घातला. दोन मिनिटांत वड्यांचा रंग पोलिसांच्या गणवेशाचा झाला. “तरी म्हटलं,” ती म्हणाली, “पालेभाजीच की ही.” आणि मग तिने मला ते सगळं सांगितलं, जे मी नंतर वाचून पडताळलं: उष्णतेने आणि आंबटाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम निसटतं आणि हिरवं मळकट होतं. ती मॅग्नेशियम म्हणाली नाही. ती म्हणाली, “पालकावर झाकण ठेवलं की काळा पडतो. तसंच.” दुसरा घाणा तिने गॅस बंद करून, मिश्रण कोमट झाल्यावर, माचा चहाच्या गाळणीने चाळून त्यात मिसळला. आपण चहा झाल्यावर गाळतो, हा आधी. वड्या पोपटी झाल्या. शेजारच्या आजी एक खाऊन “ओइशी”, म्हणजे चविष्ट, म्हणाल्या. हे जपानी माणूस कशालाही म्हणतो. पण त्या दुसऱ्या दिवशी रिकामी ताटली परत द्यायला आल्या तेव्हा जरा जास्तच वेळ दारात रेंगाळल्या, म्हणून मी ते खरं धरतो.

मला त्या दोन महिन्यांत एकच गोष्ट कळली नव्हती. ज्या चूर्णासाठी माणसं रांगत आत जातात, तेच आप्प्यांवर भुरभुरताना त्यांना काही वाटत कसं नाही? मग एका सकाळी बायको फोडणीत हळद टाकताना दिसली, आणि मी तो प्रश्न सोडून दिला. नवऱ्यामुलाला, खंडोबाला, कापलेल्या बोटाला आणि वरणाला आपण एकाच डब्यातली लावतो.

सिंहगड रस्त्यावर आमच्या घराजवळ पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. मूळ बागेत चहाचा छोटा मळासुद्धा आहे. परत आल्यावर फिरायला गेलो तेव्हा मी तळ्याकाठी उभा राहून जरा जास्तच जाणकारपणे मान हलवली, आणि मग फाटकाबाहेर जाऊन कटिंग मारला.

माचाची एक डबी आम्ही पुण्याला आणली होती. उजेड आणि उष्णता लागू नये म्हणून बायकोने ती पूड स्टीलच्या डबीत काढून फ्रिजमध्ये ठेवली. गेल्या महिन्यात भाच्याच्या साखरपुड्यासाठी माझी थोरली बहीण राहायला आली. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी उठलो तर ताई बाल्कनीत उन्हात पाठ करून बसलेली, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. ओट्यावर लोखंडी कढई, तिच्यात काळंकुट्ट काही तरी, आणि शेजारी उघडी स्टीलची डबी.

“वन्सं,” बायकोचा आवाज फुटेना, “हे काय भिजवलंत?”

“मेंदी गं. रात्रीच भिजवली, चहाचं पाणी घालून, लोखंडात. काय सुरेख काळी झाली बघ.” होणारच. चहाच्या तुरट द्रव्याला लोखंड भेटलं की शाई होते. “आणि मेंदी फ्रिजमध्ये ठेवायची तुझी पद्धत बरीक चांगली आहे. ताजी राहते.”

दुपारी डोकं धुऊन ताई आरशापुढे बसली. केस होते तसे पांढरेच होते. तिने एक बट पुढे ओढून उजेडात धरली, बोटांनी चोळली, वास घेतला.

“रंग नाही चढला,” ती म्हणाली. “पण पोत बघ काय आलाय. कुठली रे ही, राजस्थानची?”

“जपानची,” मी म्हणालो.

“तरीच. तुझ्या लेकीला सांग, पुढच्या खेपेला किलोभर आण म्हणावं.”